आजारानंतर फिश टँक निर्जंतुक करताना : कमी पाण्यात, सोलापुरी उन्हात

टँकमधले मासे एकामागून एक गेले की घरातून पहिला सल्ला येतो, "तो टँक गच्चीवर न्या आणि फिनेल टाकून धुऊन काढा." हे करू नका. फिनेल, साबण, भांड्यांचं लिक्विड, संडासाचं ऍसिड, यांतलं काहीही वापरलं की त्याचा अंश स्पंजात आणि पाइपच्या आतल्या चिकट थरात बसून राहतो. पुढची खेप मग आजाराने नाही, त्याने जाते.

काम तीनच गोष्टींचं आहे: घासणं, क्लोरीन, वाळवणं. याच क्रमाने. घासल्याशिवाय क्लोरीन टाकलं तर ते जंतूंऐवजी शेवाळ आणि घाण जाळण्यात खर्च होतं. वाळवलं नाही तर क्लोरीनच्या हाती न लागलेलं जे काही फटीत उरलं असेल ते तसंच राहतं.

बहुतेक ठिकाणी सांगतात, टँक काठोकाठ भरा, औषध टाका, पाच वेळा खळबळून घ्या. ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्यांच्यासाठी ते ठीक. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि टँक धुवायला तीनशे लिटर मागितलं तर घरात मासे पाळण्याचाच विषय बंद होईल. पण आपल्याकडे दुसरी गोष्ट भरपूर आहे: ऊन. म्हणून इथे दिलेली पद्धत पाणी जपून आणि ऊन सढळ वापरणारी आहे. सगळी मापं २४ × १२ × १५ इंचांच्या दोन फुटी काचेच्या टँकची आहेत. तो काठोकाठ ७० लिटरचा असतो, वापरात ६० धरा.

१. आधी ठरवा: खरंच सगळं धुवायचं आहे का?

सर्वांत जास्त श्रम इथे वाचतात, त्यामुळे ही पायरी गाळू नका. प्रत्येक आजाराला टँक मोडून काढावा लागत नाही.

पांढरे ठिपके, म्हणजे दुकानदार ज्याला "इक" म्हणतात तो रोग. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात. हा परजीवी माशाशिवाय जगत नाही. माशाच्या अंगावरून सुटतो, तळाला कोष करतो, कोषातून शेकड्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. पाणी २८-३० अंशांवर असेल तर हे सगळं चक्र आठवड्याच्या आत संपतं. म्हणजे मासे दुसरीकडे हलवले किंवा सगळे गेलेच असतील, तर फिल्टर चालू ठेवून टँक दोन आठवडे माशांविना राहू द्या. काम झालं. रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे फिल्टरमधले उपयोगी जिवाणू उपाशी मरणार नाहीत. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाणी गार असतं आणि चक्र लांबतं. हीटर लावा नाहीतर महिनाभर थांबा.

एखादाच मासा फुगून, खवले उभे राहून मेला (ड्रॉप्सी), किंवा एखाद्याचे पंख झिजले, तर तोही टँक उकरण्याचा प्रसंग नाही. हे बहुतेक वेळा टँकमध्ये कायम असणाऱ्या जिवाणूंनी अशक्त माशाला गाठल्याचं लक्षण असतं. अर्धं पाणी बदला, तळ साफ करा, अमोनिया तपासा. सगळं निर्जंतुक करून फिल्टर मारलात तर उरलेले मासे अमोनियाने जातील.

सगळं धुवायचं ते या वेळी: दोन-चार दिवसांत तोंडाशी-पाठीवर करडा-पांढरा कापसासारखा थर येऊन निम्मे मासे गेले (कॉलमनारिस), गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखे जंत लोंबताना दिसले, गोल्डफिशच्या अंगावर अँकर वर्म किंवा चपट्या उवा दिसल्या, किंवा कारण कळलंच नाही आणि टँक पूर्ण रिकामा झाला.

आणि एक प्रकार वेगळा काढून सांगायला हवा: माशांचा टीबी. मासा खातो पण खंगत जातो, पोट आत जातं, पाठीचा कणा वाकतो, अंगावर न भरणाऱ्या जखमा होतात. एकदम साथ येत नाही, महिन्याला एखादा जातो. याचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरू शकतो आणि काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर हळूहळू वाढणारी, न दुखणारी गाठ येते. हातमोज्यांशिवाय या टँकला हात लावू नका. अशी गाठ आलीच तर डॉक्टरांना "घरात फिश टँक आहे" हे स्वतःहून सांगा, कारण ते सहसा विचारत नाहीत. या जिवाणूवर मेणासारखं कवच असतं, त्यामुळे क्लोरीन त्याच्यावर कमी पडतं आणि नुसतं वाळवूनही भागत नाही. इलाज पायरी ६ च्या शेवटी दिला आहे.

२. सामान

- क्लोरीनसाठी: सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण (कपड्यांचं ब्लीच साधारण ४-५ टक्के, केमिकलच्या दुकानातलं ताजं १० टक्के) किंवा टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर). वास आणि रंग न घातलेलं घ्या.
- क्लोरीन मारण्यासाठी: सोडियम थायोसल्फेट, २०० ग्रॅम.
- क्लोरीन तपासायला: ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट. ग्रामपंचायतीत पाणी तपासायला क्लोरोस्कोप वापरतात, त्यातलंच द्रव.
- क्षार काढायला: किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, ५० ग्रॅम.
- दोन नव्या प्लास्टिक बादल्या, टूथब्रश, पाइपात घालायचा लांब ब्रश, प्लास्टिकची खरवडणी (जुनं एटीएम कार्ड चालतं), सिरिंज किंवा औषधाचं माप.
- कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि चष्मा. अंगात टाकाऊ कपडे. ब्लीचचा थेंब पडला की डाग निघत नाही.
- टँक खाली टेकवायला जाड थर्माकोल किंवा घडी घातलेली जुनी सोलापुरी चादर. चादर ब्लीचपासून लांब ठेवा.

चादरी-टॉवेलच्या डाईंगवाल्यांना सूत पांढरं करायला ब्लीच लागतं आणि नंतर ते ब्लीच मारणारं रसायनही लागतं, त्यामुळे त्यांना माल देणाऱ्या केमिकलच्या दुकानांत पहिल्या दोन्ही वस्तू सुट्या आणि स्वस्त मिळतात. तिथे गेल्यावर एक काळजी घ्या: तोंडी "हायपो द्या" म्हणू नका. फोटो स्टुडिओच्या भाषेत हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन मारणारं. दवाखान्यात हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनच. आणि डाईंगवाल्यांचं "हायड्रो" हे तिसरंच, सोडियम हायड्रोसल्फाइट. ते ओल लागली की तापतं, पेटूही शकतं आणि टँकमध्ये गेलं तर पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. पूर्ण नाव कागदावर लिहून न्या आणि पिशवीवर लिहूनच आणा. ओळखायचं तर थायोसल्फेट हे खडीसाखरेसारखे पारदर्शक, बिनवासाचे खडे असतात.

ब्लीच घेताना तारीख विचारा. हायपोक्लोराइट उष्णतेने उतरतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये महिना-दोन महिने पडलेल्या कॅनवर १० टक्के लिहिलेलं असलं तरी आत निम्मंही उरलेलं नसू शकतं. टीसीएल पावडरचंही तसंच: ताजी असताना तीस-तेहतीस टक्के क्लोरीन, उघड्या पिशवीत दमट झाली, गोळे झाले, की नुसता चुना.

३. पाण्याच्या दिवसाभोवती बेत आखा

समजा शुक्रवारी नळाला पाणी येणार आहे. तर गुरुवारी टँक उपसा आणि घासून घ्या, तेही टँकमधल्याच जुन्या पाण्याने. शुक्रवारी पाणी भरून घ्या, संध्याकाळी क्लोरीन, रात्री खळबळणं. शनिवारपासून ऊन. पुढच्या पाळीला टँक भरायचा.

क्लोरीनचं काम संध्याकाळी किंवा सावलीत करायचं कारण नीट लक्षात घ्या: ऊन क्लोरीन मोडतं. भर दुपारी गच्चीवर ब्लीचचं द्रावण ठेवलं तर जंतू मरण्याआधी क्लोरीनच संपतं आणि काचेवर ते सुकूनही जातं. ऊन नंतर, वाळवायला.

शुद्ध पाणी लागेल ते इतकं: क्लोरीनचं द्रावण १२ लिटर, दोनदा खळबळणं १० लिटर, थायोसल्फेटचं पाणी १२ लिटर, शेवटचा हात ५ लिटर. एकूण ३९. तीन बादल्यांच्या आत.

४. उपसा आणि सुटं करा

प्लग काढा. हीटर बंद केल्यावर वीस मिनिटं पाण्यातच गार होऊ द्या. गरम हीटर हवेत काढला की काच तडकते. दोन बादल्या जुनं पाणी घासायला बाजूला काढा, उरलेलं थेट ड्रेनेजमध्ये सोडा. उघड्या नाल्यात किंवा विहिरीजवळ नको.

मेलेले मासे जुन्या कागदात गुंडाळून फूटभर खोल पुरा. मांजराला घालू नका. जे वाचलेत पण "आता नको" वाटतात, ते सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडून पुण्य कमवायला जाऊ नका. आजारी मासा तलावात सोडणं म्हणजे आजार तलावात सोडणं. वाचलेल्यांसाठी ४० लिटरचा टब आणि एक स्पंज फिल्टर पुरतो.

टँकमध्ये तळाला थोडं जरी पाणी असलं तरी तो उचलू नका. दोन फुटी टँकला तळाशी चार बोटं पाणी म्हणजे पंधरा किलो, आणि उचलताना तो भार एका सांध्यावर जातो. धुतल्यावर गळायला लागलेले टँक बहुतेक वेळा असेच फुटलेले असतात.

आता वस्तू वेगळ्या करा:

फेकून द्या: एअर स्टोन, एअर पाइप, फिल्टरचा कापूस, कार्बन, मॅग्नेट क्लीनरची फेल्टची गादी. हे सगळं मिळून शे-दोनशे रुपयांच्या आत येतं, आणि यांच्या आतपर्यंत काहीच पोहोचत नाही.

क्लोरीनला चालतं: काच, प्लास्टिकची झाडं, फिल्टरची डबी, पंखा, नळ्या, जाळी, सायफन, सिरॅमिक रिंगा, बायो बॉल.

क्लोरीनला चालत नाही: लाकूड. ते क्लोरीन पितं आणि आठवडेच्या आठवडे सोडत बसतं. मोठ्या पातेल्यात दोन तास उकळा आणि वाळवा. पातेल्यात मावत नसेल तर टाका. दगड मात्र उकळू किंवा भाजू नका. आत ओल अडकलेला दगड फुटून उडतो. दगडाला घासणं आणि क्लोरीन पुरे.

रेती-खडे दहा किलो असतील तर ते खळबळायला जितकं पाणी जाईल त्याच्या मानाने नवे खडे स्वस्त. ठेवायचेच असतील तर ताडपत्रीवर बोटभर जाडीने पसरा आणि एप्रिल-मेच्या उन्हात आठवडाभर रोज हलवत राहा. पावसाळ्यात हे जमणार नाही, टाका.

जिवंत झाडं: ॲन्युबियस, जावा फर्न यांसारखी जाड पानांची झाडं ५ टक्के ब्लीचच्या एकास वीस द्रावणात दोन मिनिटं बुडवून लगेच थायोसल्फेटच्या पाण्यात टाकली तर तगतात. वॅलिस्नेरिया, कॅबोम्बा यात विरघळतात. ती नवीच आणा.

५. घासणं

बाजूला काढलेल्या जुन्या पाण्यात सगळं घासा. या पाण्यात काहीही मिसळायचं नाही. हाताला गुळगुळीत लागणारा थर, तोच खरा शत्रू: जिवाणू स्वतःभोवती चिकट पापुद्रा करतात आणि क्लोरीन वरच्यावर अडतं. बोट फिरवल्यावर काच करकरली पाहिजे. सिलिकॉनच्या कोपऱ्यांना टूथब्रश, ब्लेड नको.

फिल्टरचा पंखा बाहेर ओढा. त्याच्या मागे चुंबक आणि बारीक दांडी असते. ती ज्या भोकात बसते तिथे काळा लगदा साठलेला असतो. कापसाची काडी घालून तो काढा. झाकणाची आतली बाजूही विसरू नका: बुडबुडे फुटून उडालेले थेंब तिथे वाळलेले असतात, आणि टँक चकाचक करून तेच झाकण वर ठेवणारे बरेच असतात.

बोअरचं पाणी वापरत असाल तर पाण्याच्या रेघेवर पांढरा, खरखरीत क्षार बसलेला असेल. त्याच्या आड जंतू सुरक्षित राहतात, म्हणून तो काढायलाच हवा. अर्धा लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, फडका भिजवून रेघेवर अर्धा तास चिकटवून ठेवा, मग प्लास्टिकने खरवडा. नंतर साध्या पाण्याने पुसून पुसून आम्ल पूर्ण काढा.

हे पूर्ण काढायचं ते केवळ स्वच्छतेसाठी नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. लिंबूसत्त्व असो, व्हिनेगर असो, संडासाचं ऍसिड असो. बंद बाथरूममध्ये हा वायू फुप्फुसं जाळतो. ब्लीच अमोनियाबरोबर, फॉर्मलिनबरोबर, स्पिरिटबरोबरही नको. बाथरूममध्ये काम करणार असाल तर त्या दिवशी तिथे ऍसिड टाकलेलं नाही ना, हे आधी विचारून घ्या. दार-खिडकी उघडी, मुलं बाहेर.

६. क्लोरीन

हिशेब सोपा आहे. ५० ला ब्लीचच्या टक्केवारीने भागा. येईल तितके मिली दर लिटरला. ५ टक्के असेल तर १० मिली, १० टक्के असेल तर ५ मिली. यातून ५०० पीपीएम (म्हणजे दर लिटरला ५०० मिलिग्रॅम) क्लोरीन मिळतं. खरी गरज २०० पीपीएमची, तासभर. दुपटीहून जास्त घ्यायचं कारण वर सांगितलंच: बाटलीवरचा आकडा कारखान्यातून निघतानाचा असतो, तुमच्या हातात येईपर्यंतचा नाही.

१२ लिटरसाठी म्हणजे ५ टक्क्यांचं १२० मिली. टीसीएल वापरत असाल तर २० ग्रॅम: आधी मगभर पाण्यात कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी घ्या आणि खालचा चुना टाका. तो टँकमध्ये गेला तर काच पांढुरकी होते. नेहमी पाण्यात ब्लीच टाका, ब्लीचवर पाणी ओतू नका, डोळ्यांत उडतं.

हे १२ लिटर टँकमध्येच ओता. दोन फुटी टँकमध्ये ते अडीच इंच चढतं. लहान वस्तू त्यातच आडव्या बुडवा, पोकळ नळ्यांतला बुडबुडा काढून. हवा अडकली तर आतला भाग कोरडाच राहतो. काचांच्या वरच्या भागासाठी नवा स्पंज द्रावणात बुडवून दर पाच मिनिटांनी चारी भिंतींवरून आणि काठावरून फिरवा. एकदा पुसून मोकळं व्हायचं नाही, काच सुकू द्यायची नाही. टीव्हीवर एक मालिका लावून बसावं असं हे काम आहे. तास पूर्ण झाला पाहिजे, कारण आपलं पाणी कठीण आणि अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात क्लोरीन मंद चालतं. पाणी "सुधारायला" त्यात लिंबू पिळण्याचा विचार आला असेल तर मागची पायरी पुन्हा वाचा.

फिल्टरचा पंप जोडून एका बादलीत याच द्रावणात दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते पंख्याच्या घरातून फिरेल. हीटर द्रावणाने पुसा, वायरचं टोक बुडवू नका. लाइट फक्त ओल्या फडक्याने. तासापेक्षा जास्त भिजवून काही साधत नाही: स्टीलचे स्क्रू गंजतात, रबरी रिंगा कडक होतात.

टीबीचा संशय असेल तर यापुढे एक काम वाढतं. काच सोडून जे जे सच्छिद्र किंवा रबरी आहे ते फेका. पायरी ७ मधलं खळबळणं आणि पूर्ण वाळवणं झाल्यावर काच आणि कडक प्लास्टिक ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दहा मिनिटं ओलं ठेवा. मेडिकलमध्ये मिळतं. जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको, आणि हे कधीही ब्लीचवरच लगेच करायचं नाही.

७. क्लोरीन मारा आणि खात्री करा

द्रावण ड्रेनेजमध्ये ओता, झाडांच्या आळ्यात नाही. पाच-पाच लिटरने दोनदा खळबळा. मग १२ लिटर पाण्यात १५ ग्रॅम थायोसल्फेट विरघळवून सगळं पुन्हा अर्धा तास त्यात ठेवा, भिंतींवरून तसाच स्पंज फिरवा. एक ग्रॅम थायोसल्फेट साधारण १४० मिलिग्रॅम क्लोरीन मारतं, त्यामुळे भिंतींवर, फटींत उरलेल्याला हे पुरून उरतं. शेवटी पाच लिटरचा एक हात.

"वास गेला म्हणजे क्लोरीन गेलं" यावर भरवसा ठेवू नका. तासभर ब्लीचजवळ बसल्यावर नाक बधिर झालेलं असतं. सिरॅमिक रिंगा वाटीभर पाण्यात तासभर ठेवा आणि त्या पाण्यात ओटीचे थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन बाकी आहे, थायोसल्फेट पुन्हा. पण आधी ते वाटीतलं पाणी कोरं तपासा. नळाचं ताजं पाणी स्वतःच पिवळं होतं, आणि तुम्ही उगाच रिंगांना दोष देत बसाल. तपासलेलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका.

८. ऊन

उन्हाळ्यात तीन दिवस, स्पंज आणि रिंगांना आठवडा. स्पंज वरून कडकडीत लागला तरी मधोमध दाबून पाहा. जुलै ते सप्टेंबरात घरात पंख्याखाली दुप्पट दिवस.

इथे नुकसान होतं ते घाईने. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गच्चीचा कोबा त्याहून कितीतरी तापतो. काच थेट त्यावर ठेवू नका. थर्माकोलवर ठेवा, तोंड एका बाजूला कलतं, म्हणजे तळाला थेंब साचणार नाही. तापलेल्या टँकमध्ये गार पाणी ओतलं तर तळाला तडा जाणारच. सावलीत आणा, हात लावून काच साधी लागेपर्यंत थांबा. फिल्टरची डबी, पातळ ॲक्रिलिक, सक्शन कप यांना सकाळी अकरापर्यंतचंच ऊन द्या. दुपारी ते वाकडे होतात आणि डबीचं झाकण मग बसत नाही. वाळल्यावर फिल्टरच्या रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं.

९. पुन्हा भरणं

नळाचं पाणी बॅरलमध्ये घेऊन एअर पंपाने चोवीस तास हलवा. घाई असेल तर १०० ग्रॅम थायोसल्फेट एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली करून ठेवा: १०० लिटर नळाच्या पाण्याला १५ ते २० मिली. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की क्लोरीनचा डोस वाढतो, तेव्हा ओटीने तपासून मगच माप ठरवा. टँकरचं पाणी कुठल्या बोअरचं हे कधीच सांगता येत नाही. तेही दिवसभर हवा देऊनच वापरा.

भरल्यावर टँकखाली वर्तमानपत्र घालून एक रात्र ठेवा. कागद कोरडा राहिला तर सांधे शाबूत.

आता टँक खरोखर निर्जंतुक आहे, आणि नवशिक्याचे मासे इथेच दुसऱ्यांदा मरतात. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणूही तुम्ही मारलेत. ते परत यायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ७ पीएचला जितका अमोनिया विषारी रूपात असतो त्याच्या सुमारे दहापट ८ ला असतो.

या जिवाणूंना खायला द्यायला नवसागर सोपा. कल्हईवाल्याकडचा मळकट नको, केमिकलच्या दुकानातलं शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात. त्यातलं ३८ मिली ६० लिटरला टाकलं की अमोनिया सुमारे २ पीपीएम होतो. फिल्टर चालू ठेवा, दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने पाहा, संपत आला की पुन्हा तितकंच. आधी अमोनिया उतरेल, मग त्यापासून बनणारं नायट्राइट (तेही माशांना विषारी) चढेल आणि रेंगाळेल. त्याला कंटाळून मासे आणू नका. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, हे दोन दिवस लागोपाठ जमलं की निम्मं पाणी बदला आणि दोनच मासे सोडा.

मित्राच्या टँकमधला जुना स्पंज मिळाला तर महिन्याचं काम आठवड्या-दोन आठवड्यांत होतं. फक्त विचारून घ्या: गेल्या तीन महिन्यांत त्याच्याकडे मासा मेला का, नवा मासा आला का? एकाचंही उत्तर हो असेल तर स्पंज नको.

नवे मासे थेट टँकमध्ये नाहीत, आधी चार आठवडे त्या ४० लिटरच्या टबात. टबाची जाळी, सायफन आणि बादली वेगळी ठेवा, दांड्याला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की लाल टेपवाली जाळी मोठ्या टँकमध्ये घालायची नाही. खाद्य टाकतानाही आधी टँक, मग टब, मग हात धुणं.